मासोळीची हाडं

बेकरीवाल्या दोघा भावांच्या बायका एकाच घरात म्हाताऱ्या झाल्या. खाली बेकरी, बेकरीच्या मागे थोरलीचा संसार आणि वरच्या दोन खोल्यांत धाकटी. धाकटीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तरी तिने वरच्या खोल्या सोडल्या नाहीत, आणि सोड असं तिला कुणी म्हटलंही नाही. थोरलीच्या मनात ते एकदोनदा येऊन गेलं होतं, पण बोलून दाखवायची तिची छाती झाली नाही.

धाकटी तरणतलावावर पोहायला शिकवायची. अर्ध्या गावाची मुलं तिच्या हाताखालून पोहून बाहेर पडली होती, म्हणून सगळे तिला मासोळी म्हणत. सडपातळ अंग, लांब मान, ताठ पाठ. साठी उलटली तरी मागून पाहणाऱ्याला चाळिशीची वाटायची. थोरली ठेंगणी, रुंद, दंडांनी भरलेली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मैद्याची पोती उचलत होती. "आमच्याकडे हमाल लागत नाही," असं तिचा नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा आणि खदाखदा हसायचा. गिऱ्हाइकंही हसायची. थोरलीही हसायची, आणि मग आत जाऊन पिठाच्या गोळ्याला असे काही गुद्दे घालायची की त्या दिवशी ब्रेड हमखास हलका व्हायचा.

मासोळीला पाहिलं की थोरलीच्या पोटात दुखायचं. तिच्या पाठीवरून, तिच्या मानेवरून, तिच्या धुतलेल्या केसांवरून दुखायचं. सगळ्यात जास्त दुखायचं ते लेकीवरून. थोरलीला एकच मुलगी, आणि ती लहानपणापासून काकूच्या मागे. शाळेतून आली की दप्तर खाली टाकून वर. पुढे लग्न ठरवलं तेव्हाही आधी वर जाऊन काकूला सांगितलं आणि मग खाली येऊन आईला. थोरली तेव्हा बिस्किटं कापत होती. "बरं झालं," एवढंच ती म्हणाली, आणि त्या घाण्याची सगळी बिस्किटं वाकडी निघाली.

ही लेक आता जवळच राहत होती, शाळेत शिकवत होती. तिच्या सोबतच्या एका बाईची आई न्हाणीघरात नुसती बसली तर खुब्याचं हाड मोडलं. ते ऐकून लेकीने घाबरून आईची आणि काकूची हाडांची तपासणी ठरवून टाकली.

"मला कशाला गं?" मासोळी म्हणाली. "मी रोज तासभर पोहते. माझ्या हाडांना काय धाड भरलीय?"

"माझे गुडघे मात्र दुखतात हो," थोरली लगेच म्हणाली. कुणीतरी आपल्याला कुठेतरी घेऊन जातंय, हेच तिला बरं वाटलं होतं.

तपासणीच्या खोलीत एक लांबट टेबल होतं आणि त्याच्यावरून सरकणारा एक पांढरा हात. मशीनवर एक तरुण मुलगी होती, बोलायला गोड. तिने आधी दोघींची वजनं केली, उंची मोजली. मासोळीची उंची वाचल्यावर मासोळी म्हणाली, "पुन्हा मोजा. तुमची पट्टी चुकतेय."

मुलीने पुन्हा मोजली. तेवढीच भरली.

"मी दीड इंचाने उंच आहे यापेक्षा. कुणालाही विचारा."

"तरुणपणी असाल, काकू," मुलगी म्हणाली. "वयाबरोबर उंची थोडी कमी होते. पण एवढी झाली असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा."

थोरली बाकावर बसून हे ऐकत होती. मासोळीची उंची दीड इंच कमी! तिने ओठ घट्ट मिटून धरले, नाहीतर ते आपोआप पसरले असते.

मग एकेकीला टेबलावर निजवलं. पोटऱ्यांखाली फोमचा चौकोनी ठोकळा, हात बाजूला. पांढरा हात गुणगुणत अंगावरून सरकत गेला. दुखत काहीच नव्हतं. थोरलीला तर पाच मिनिटं कुणी न उठवता पडायला मिळालं म्हणून डुलकीच लागली.

निकाल सांगायला डॉक्टरीणबाईंनी तिघींना एकदम बोलावलं. आधी त्या थोरलीकडे वळल्या. "तुमची हाडं बघून मीच चकित झाले. या वयात अशी घनता फार कमी बायकांची असते. काय करता तुम्ही?"

"पोती उचलते," थोरली म्हणाली.

"तेच. हाडांवर वजन पडलं की हाडं भरतात. गुडघे वेगळे, ते झिजलेत थोडे. पण हाडं मात्र तिशीतल्या बाईला लाजवतील अशी आहेत."

थोरलीच्या आयुष्यात तिच्या शरीराबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. तिने हळूच लेकीकडे पाहिलं. लेक काकूच्या कागदाकडे पाहत होती.

मासोळीची हाडं ठिसूळ झाली होती. कंबरेची, खुब्याची, दोन्हीकडची. आकडा धोक्याच्या रेषेच्या बराच खाली गेला होता, आणि पाठीच्या एका मणक्याला जुनी चेप दिसत होती. तो कधीतरी आतल्या आत दबला होता आणि हिला कळलंही नव्हतं.

"पण मी रोज पोहते," मासोळी पुन्हा म्हणाली, या वेळी अगदी लहान आवाजात.

"पोहणं छातीला चांगलं, स्नायूंना चांगलं. पण पाण्यात शरीर तरंगतं ना, हाडांवर भार पडत नाही. त्यात तुमचा बांधा नाजूक, पाळीही लवकर गेली होती म्हणता." डॉक्टरीणबाईंनी औषध सांगितलं, दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सांगितलं, ऊन, दूध, चालणं सांगितलं. "आणि थोडं थोडं वजन उचलायचं, पण नीट. वजन छातीशी धरायचं. खालचं काही घ्यायचं तर गुडघ्यात वाकायचं. पाठीतून पुढे वाकून काहीही उचलायचं नाही. रिकामी बादलीसुद्धा नाही. घरात कुणीतरी लक्ष ठेवा."

"मी ठेवीन," थोरली म्हणाली. म्हणताना तिला खरंच तसं वाटत होतं. जिंकलेल्या माणसाला मोठ्या मनाचं व्हायला काय जातं!

पुढचे काही दिवस तिने गिऱ्हाइकांना धरधरून आपली हाडं सांगितली. ब्रेड बांधून देता देता सांगितली, सुट्टे मोजता मोजता सांगितली. पण एवढ्या चांगल्या बातमीचं कुणाला काही पडलंच नव्हतं. "वा, छान," म्हणून लोक विचारायचे, "आणि आपली मासोळी कशी आहे हो?"

घरातही तेच. लेक रोज संध्याकाळी फोन करायची, तो वर. तिने न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले, तेही वर. जिन्याला दुसरा कठडा आला. थोरलीचा नवरा, ज्याने बायकोच्या बाळंतपणातही कधी पाण्याचा पेला हातात दिला नव्हता, तो दूध तापवून जिना चढू लागला.

आणि थोरलीच्या वाट्याला काय आलं? तर कामं. वरचं कपाट सरकवायचंय? हिला बोलवा. गॅसची टाकी बदलायचीय? हिची हाडं मजबूत आहेत. "डॉक्टरांनीच सांगितलंय ना!" नवरा म्हणायचा. चांगल्या निकालाची अशी शिक्षा मिळालेली बाई तिने दुसरी पाहिली नव्हती. माझंही एखादं हाड जरा कच्चं निघालं असतं तर काय बिघडलं असतं, असं ती भट्टीपुढे उभी राहून मनाशी म्हणायची.

मग मासोळी बेकरीत यायला लागली.

"डॉक्टर म्हणाल्या वजन उचला. मग तुमच्या हाताखालीच शिकते की, वहिनी. एवढी वर्षं तुम्ही पोती उचलताय. पाठीला काही झालं नाही, म्हणजे तुम्हाला जमतं काहीतरी."

पहिले काही दिवस थोरलीला सुख झालं. मासोळीला आपलं काही शिकायचं होतं! तिने मन लावून शिकवलं. पाय कसे रोवायचे, गुडघे कसे मोडायचे, ट्रे पोटाशी कसा घ्यायचा. मासोळी ऐकायची, चुकायची, स्वतःवर हसायची. पीठ मळताना तिचे बारीक हात लटलट कापायचे तेव्हा थोरली म्हणायची, "खांद्यातून ये, मनगटाने काय होतंय!" दोघी पिठाने पांढऱ्या व्हायच्या. एकदोनदा तर दुपारी चहा घेताना थोरलीला वाटून गेलं, की ही बाई आपल्याला आवडते की काय.

पण मासोळीला पाहायला गिऱ्हाइकं आत डोकवायला लागली. तिच्या हाताखाली पोहायला शिकलेले बाप्ये आपापली पोरं घेऊन येऊ लागले. तिने काचेच्या कपाटातली बिस्किटं रंग पाहून लावली, तर थोरलीचा नवरा म्हणाला, "हिचा हात लागला आणि दुकान कसं उजळलं बघ." ज्या बाईच्या हातची ती बिस्किटं होती ती तिथेच उभी होती.

एका दुपारी लेक शाळेतून परस्पर आली. हातात खोका. तिने काकूला स्टुलावर बसवलं, स्वतः खाली बसली आणि तिच्या पायात नवे बूट चढवले. तळाला खाचा असलेले, ओल्या फरशीवरही न घसरणारे.

"चालून दाखव. टोचतात का? नाही ना?"

"किती गं हलके! वहिनी, बघा तरी."

"छान आहेत," थोरली म्हणाली. तिच्या पायात जुन्या चपला होत्या, एकीचा अंगठा शिवलेला. लेकीचं तिकडे लक्ष गेलं.

"आई, तुला कशाला? तू काय घसरतेस!" लेक हसून म्हणाली, आईच्या पाठीवर थाप मारली आणि गेली.

थाप प्रेमाचीच होती. तरी थोरलीला ती गोदामातल्या पोत्यावर मारतात तशी वाटली. नवरा पुढे गल्ल्यावर पेंगत होता. भट्टीतून ट्रे निघाले, दुसरे आत गेले. केकच्या मिश्रणात घालायला मार्जरीन हवं होतं, आणि त्याचा मोठा डबा पिठाच्या टेबलाखालच्या फळीवर, कोपऱ्यात होता.

"मी काढते," मासोळी म्हणाली.

नव्या बुटांनी ती टुणटुण तिथवर गेली. रोज ती अशा वेळी गुडघ्यात बसायची. आज तिच्या डोक्यात बूट होते, किंवा लेकीचं प्रेम होतं, किंवा काहीच नव्हतं. ती उभ्या उभ्याच पाठीतून पुढे वाकली आणि डब्याचे कान धरले.

थोरली टेबलाच्या पलीकडे, तिच्यासमोरच होती. तिने वाकलेली पाठ पाहिली, भरलेला डबा पाहिला. डॉक्टरीणबाईंचे शब्द तिला जसेच्या तसे आठवले. "थांब" म्हणायला तिने तोंड उघडलंही. त्याच वेळी मासोळीने मान वर केली आणि दोघींची नजरानजर झाली. थोरलीच्या मनात आलं, बघू तरी. आणि तिने तोंड मिटलं.

आवाज वगैरे काही झाला नाही. मासोळी फक्त "अं" म्हणाली, एखाद्याने हाक मारल्यावर म्हणावं तसं. डबा फळीवरच राहिला. तिने टेबलाची कड धरली आणि तिचा चेहरा समोरच्या मैद्यासारखा झाला. मग थोरली धावली. आता धावण्यात काही अर्थ नव्हता, पण ती धावली, तिला दोन्ही हातांवर उचललं आणि नवऱ्याला हाका मारत बाहेर आली. मासोळीचं वजन काहीच नव्हतं. त्याही क्षणी थोरलीला ते जाणवलं आणि त्याही क्षणी ते खुपलं.

आणखी एक मणका दबला होता. ऑपरेशनची गरज नव्हती. पाठीला पट्टा, गोळ्या, थोडे दिवस पडून राहणं. लेक रडत रडत दवाखान्यात आली.

"अशी कशी वाकलीस गं? एवढं सांगितलं होतं! आई नव्हती का तिथे?"

थोरली खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिला वाटलं, आलं आता.

"होती की," मासोळी म्हणाली. "पण ती भट्टीत ट्रे सरकवत होती. पाठ होती तिची माझ्याकडे. चूक माझीच." आणि ती थोरलीकडे पाहून अगदी थोडंसं हसली.

थोरलीला हायसं वाटलं, पण घरी पोचेपर्यंतच. मग तिचा जळफळाट सुरू झाला. हिने मला झाकलं! पाठ मोडली हिची, आणि वर मोठेपणाही हिचाच! ती मासोळीला आंघोळ घालायची, कुशीवर वळवायची, पट्टा बांधायची, भात कालवून भरवायची, आणि प्रत्येक वेळी मासोळी तेच थोडंसं हसायची. "वहिनी किती करतात माझं," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. लोक म्हणायचे, "बघा, एवढ्या दुखण्यातही हिच्या तोंडी तक्रार नाही." थोरलीला शिव्या खाल्लेल्या परवडल्या असत्या.

मासोळी पट्टा लावून जेवायला खाली येऊ लागली तो पहिला रविवार. लेक आली होती, नवरा होता, चौघं टेबलाशी बसली होती. लेकीने काकूच्या पाठीमागे उशी सारली आणि म्हणाली, "काकू, तुझ्यासारखं सोसणारं माणूस मी पाहिलं नाही."

थोरलीने पळी भांड्यात टाकली. "मी बघत होते," ती म्हणाली.

"काय?"

"माझी पाठ नव्हती तिच्याकडे. मी समोर होते. ती वाकताना दिसली मला. थांब म्हणता आलं असतं. नाही म्हटलं."

"का?" लेकीने विचारलं.

"तू तिला बूट आणलेस म्हणून."

ऐकायला ते इतकं क्षुल्लक वाटलं की थोरलीला स्वतःचीच शरम वाटली. पण खरं तेच होतं, त्याला ती काय करणार? नवरा पानावरून उठला आणि हात न धुता बाहेर गेला. लेकही पर्स उचलून गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

टेबलाशी दोघी उरल्या.

"एवढं एक तरी माझ्याकडे राहू द्यायचं होतंत, वहिनी," मासोळी म्हणाली.

"काय राहू द्यायचं होतं?"

"हेच. तुम्हाला काय वाटलं, तुमच्या प्रेमापोटी खोटं बोलले मी? मला राग आला होता तुमचा. अजूनही आहे. तुम्ही बघत होतात ते मी पाहिलं ना. म्हटलं, हिला आता जन्मभर मिंधी ठेवते. रोज हसते हिच्याकडे बघून. छान चाललं होतं माझं."

"म्हणजे तू मुद्दाम हसायचीस?" थोरली म्हणाली.

"मग काय पाठ दुखत असताना कुणी हौसेने हसतं?"

थोरलीला आधी वाटलं रडू येतंय, पण ते हसू निघालं, आणि थांबेना. मासोळी पट्ट्यावर हात दाबून म्हणाली, "हसवू नका, दुखतंय! खरंच दुखतंय हो!" तेव्हा थोरलीने हसणं गिळलं, उठून तिच्या पाठीमागची सरकलेली उशी नीट केली आणि म्हणाली, "माझं चुकलं."

"चुकलंच," मासोळी म्हणाली. "भात वाढा."

लेक त्यानंतर बरेच दिवस बेकरीत आली नाही. बाहेरच्या जिन्याने वर जायची आणि तशीच परत जायची. थोरली खालून तिची पावलं ऐकायची. नवरा बोलायचा तो गिऱ्हाइकांच्या मार्फत: "यांना सांगा, पाव संपले." थोरलीने ते निमूट सोसलं. आणि तिला एक गोष्ट कळून चुकली, जी ती कुणाला सांगू शकली नसती. लेकीचा हा राग सगळाच्या सगळा तिच्या एकटीचा होता. त्यात काकूचा वाटा नव्हता. लेक जिना चढताना आईचाच विचार करत होती, हे थोरलीला पावलांवरून कळायचं.

शेवटी एकदा लेक मागच्या दाराने आत आली, पिठाच्या टेबलाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तुला सांगायचं होतंस ना, मलाही काहीतरी आण म्हणून."

"असं मागून घ्यायचं असतं होय?"

"मग कसं कळणार मला? तू कधी काही मागितलंच नाहीस. मला वाटायचं तुला काही लागतच नाही."

थोरलीने पिठाचे हात तसेच ठेवून विचार केला. "मला लागतं," ती म्हणाली. शब्द तिच्या जिभेवर नवखा होता. लेकीने मान डोलावली. तिचा राग पुरता गेला नव्हता, पण त्या दिवशी ती चहा घेऊन गेली.

मासोळीला इंजेक्शनं सुरू झाली. तलाव तिने पूर्ण सोडला नाही, पण आता ती काठावर उभी राहून शिकवायची. बाकी वेळ बेकरीच्या गल्ल्यावर. तिच्यासाठी थोरलीच्या नवऱ्याने उंच पाठीची खुर्ची करून घेतली होती. खुर्ची आली तेव्हा थोरलीने ती नीट निरखून पाहिली, कडांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मला भट्टीजवळ एक स्टूल हवंय. बुटकं. गुडघे दुखतात माझे." नवऱ्याने दचकून तिच्याकडे पाहिलं आणि सुताराला पुन्हा हाक मारली.

एका संध्याकाळी पुढून हसण्याचा मोठा गलका आला. थोरलीने पडदा बाजूला केला. चारपाच जण गल्ल्याभोवती जमले होते, आणि मध्ये मासोळी हातवारे करत काहीतरी रंगवून सांगत होती. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. थोरलीच्या पोटात ते नेहमीचं दुखणं उठलं, अगदी तसंच, काडीभरही कमी नाही. बोलता बोलता मासोळीच्या हातून पिशव्यांचा गठ्ठा निसटून जमिनीवर पडला आणि ती खुर्चीतून खाली झुकली.

"थांब!" थोरली एवढ्या जोरात ओरडली की गिऱ्हाइकं गप्प झाली. "पाठीतून नाही! माणसं उभी आहेत ना एवढी समोर, उचलतील ती. तुझं भाषण फुकट ऐकतायत."

एका गिऱ्हाइकाने घाईघाईने वाकून पिशव्या उचलल्या. मासोळी सरळ होऊन खुर्चीला टेकली. "बघा," ती त्यांना म्हणाली, "असा धाक आहे मला घरात." पुन्हा सगळे हसले, तिच्याच बोलण्याला. थोरलीने नाक उडवलं, पडदा सोडला आणि ती भट्टीकडे वळली. आतले पाव काढायची वेळ झाली होती.